जागा आहे का?

तुम्ही नागपूरजवळच्या वाडीत उभे आहात, पण वाडी अजून व्हायची आहे. डिसेंबर १९६१, रात्रीचे दोन वाजून गेलेले. ओळखीचा एकटा अमरावती रोड, तोही अरुंद आणि अंधारा. अंबाझरीची आयुध निर्माणी यायला अजून पाच वर्षं आहेत. ट्रान्सपोर्टची गोदामं नाहीत, वजनकाटे नाहीत, रात्रभर हॉर्न मारणारे ट्रेलर नाहीत. शेतांवरून गार वारा येतो आणि स्वेटर आणला नाही म्हणून तुम्ही चरफडता. पेपरात सगळी गोव्याची चर्चा. आठवड्याभरात पणजीत तिरंगा लागणार हे तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणालाच नाही.

तिकडे कॅलिफोर्नियात अजून १२ तारखेची दुपार आहे. व्हॅन्डेनबर्ग तळावरून थॉर-अजेना रॉकेट सुटतं. आत अमेरिकी हवाई दलाचा डिस्कव्हरर-३६ आहे. नाव शास्त्रीय, काम हेरगिरीचं. आणि एका कोपऱ्यात, जिथे एरवी तोल साधायला नुसतं वजन ठेवत, तिथे साडेचार किलोची एक पेटी बसवलेली आहे. तिचं नाव ऑस्कर-१. नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी, हौशी रेडिओवाल्यांनी म्हणजे हॅमांनी ती बनवली. रॉकेटमधून पेटी बाहेर ढकलायला एक स्प्रिंग लागणार होती. ती त्यांनी सीअर्स नावाच्या दुकानातून एक डॉलर पंधरा सेंटला आणली.

स्पुटनिकला तेव्हा जेमतेम चार वर्षं झालेली. उपग्रह ही सरकारांची आणि लष्करांची गोष्ट. त्यात ही मंडळी शिरली कशी, हे वाडीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रक निघणारच आहे, माल दुसऱ्याचा आहे, डाल्यात एक कोपरा रिकामा आहे. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन विचारायचं: भाऊ, जागा आहे का? पार्ट लोड. साठ-पासष्ट वर्षांत जगभरात जे हॅम उपग्रह वर गेले, ते बहुतेक सगळे या एका प्रश्नावर गेले.

आता तुमच्या कानाला हेडफोन आहेत असं धरा. १४५ मेगाहर्ट्झच्या किंचित खाली सेट लावलेला आहे. खरखर, खरखर, आणि तिच्या पोटातून बारीक शिट्टी वर येते: चार टिंबं, दोन टिंबं. मोर्समध्ये एवढंच, ‘हाय’. पुन्हा चार, पुन्हा दोन. पेटीला दुसरं काही बोलता येत नाही. पण हातात स्टॉपवॉच घ्या आणि दहा ‘हाय’ना किती सेकंद लागतात ते मोजा. तो वेग पेटीतल्या तापमानावर ठरतो. पेटी तापली की बोलणं बदलतं. म्हणजे वाडीच्या रानात उभं राहून, हातातल्या घड्याळावर, तुम्ही अंतराळातल्या एका डब्याचा ताप मोजताय. २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी लोकांनी ऐकलेलं लिहून पाठवलं. बॅटरी बावीस दिवस टिकली. ३१ जानेवारी १९६२ ला पेटी वातावरणात शिरून जळाली.

जागा अशी मिळाली. पैशाचं काय?

इथे एक अडचण आहे आणि ती मुळातच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी रेडिओची व्याख्याच अशी की हे काम फक्त व्यक्तिगत आवडीपोटी, आर्थिक हितसंबंध न ठेवता करायचं. हॅमला आपल्या सेटवरून धंदा करता येत नाही. मग हॅम उपग्रहालाही करता येत नाही. त्यावरून बोलायला कुणाकडून मिनिटाचे पैसे घेता येत नाहीत, जाहिरात लावता येत नाही. लाखो रुपये वर पाठवायचे आणि एक छदाम खाली यायचा नाही. असा प्रकल्प कर्जावर उभा राहत नाही, शेअरवर राहत नाही. कुणी सरकार किंवा कॉलेज पाठीशी नसेल, तर तो एकाच गोष्टीवर उभा राहतो: वर्गणी.

वर्गणीत मराठी माणसाचा हात कोण धरणार? जरा मागे चला, १९०८ मध्ये. तळेगाव दाभाडे. भट्टीची धग दारापर्यंत येते, आत पोरं लांब नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन फुंकतायत. हा पैसा फंडाचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी डोक्यात घेतलं की प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा दिला तरी त्यातून देशी उद्योग उभे राहतील. टिळकांनी पाठबळ दिलं. पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. देणाऱ्याला लाभांश नाही, ना घरी काचेची बरणी. तरी भट्टी पेटली. तुम्ही दारातच उभे राहून हिशोब करता आणि फरकही लक्षात येतो: कंदिलाची काच बाजारात विकता तरी येते. हॅम उपग्रहाचं तेही नाही.

तळेगावहून उडी मारून १९६९ मध्ये या. मार्चमध्ये वॉशिंग्टनला ॲमसॅट नावाची संस्था नोंदवली जाते. ऑस्करवाल्यांचं काम आता सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर पुढे चालायचं. १५ नोव्हेंबर १९७४ ला हवामान उपग्रहाच्या सोबतीने ऑस्कर-७ वर जातो. अमेरिका, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असा चार देशांतल्या हौशींचा हात त्याला लागलेला. तो १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मरतो. लोक हळहळतात आणि विसरतात. आणि २१ जून २००२ ला तो परत बोलू लागतो, कारण शॉर्ट झालेली बॅटरी सडत सडत आता पूर्ण तुटली आहे आणि सौर पत्र्यांची वीज थेट यंत्राला मिळते आहे. उन्हात आला की जागा, सावलीत गेला की झोपलेला. देणगी देणाऱ्यांपैकी कित्येक तोवर वारलेही असतील.

पण मला तुम्हाला ज्या दिवशी न्यायचंय तो २३ मे १९८०. नवतपा तोंडावर, संध्याकाळचे आठ वाजले तरी वाडीच्या भिंती हात लावू देत नाहीत. याच वेळी फ्रेंच गयानातल्या कुरूला युरोपचं एरियान रॉकेट दुसऱ्यांदा उडतंय. त्यात हॅमांचा आजवरचा सगळ्यात मोठा डाव आहे: फेज-३ए. आधीचे उपग्रह दहा-वीस मिनिटं दिसून मावळायचे. हा लांबट कक्षेत जाऊन तासन् तास डोक्यावर राहणार होता. त्यासाठी सभासदांनी वर्षानुवर्षं पैसे दिले, सौर घटांसारखे भाग आपल्या नावाने पुरस्कृत केले. देवळाच्या पायरीवर नाव कोरतात ना, तसली हौस. यात हसण्यासारखं काही नाही, देवळं अशीच उभी राहिली.

पहिल्या टप्प्याचं एक इंजिन थरथरू लागतं. काही मिनिटांत सगळं अटलांटिकच्या तळाशी.

इथे थोडं थांबा. वर्गणीच्या कामात हा क्षण खरा. गणपती वेळेवर विसर्जित होतो, तरी मांडवाच्या हिशोबावरून पुढची दोन वर्षं भांडणं चालतात. इथे तर मूर्ती आणतानाच नदीत पडली. आता पावतीपुस्तक घेऊन परत त्याच दारांवर जायचं? ते गेले. १६ जून १९८३ ला फेज-३बी, म्हणजे ऑस्कर-१०, एरियानवरूनच वर गेला. मला ऑस्कर-१ पेक्षा या तीन वर्षांचं जास्त कौतुक वाटतं. पहिल्यांदा पैसे मागायला उत्साह पुरतो. बुडाल्यावर मागायला हिशोब चोख लागतो.

आता पुन्हा वाडी. ५ मे २००५, सकाळचे सव्वादहा. वाडी आता वाडी झाली आहे: ट्रकच्या रांगा, ढाबे, टायरची दुकानं, दत्तवाडीतली घरांवर चढलेली घरं. टीव्हीवर श्रीहरिकोटा. नव्या, दुसऱ्या तळावरून पहिलंच उड्डाण. राष्ट्रपती अब्दुल कलाम स्वतः हजर. पीएसएलव्ही-सी६ वर मुख्य माल कार्टोसॅट-१, दीड टनाचा. आणि सोबत ४२.५ किलोचा छोटा चौकोनी हॅमसॅट, भारताचा पहिला हॅम उपग्रह. इस्रोने बांधला, ॲमसॅट-इंडियाच्या मंडळींनी साथ दिली, नेणंही इस्रोचंच. आत दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला आवाज दुसऱ्या लहरीवर परत खाली पाठवणारी यंत्रं: एक आपला, दुसरा विल्यम लायेनार या डच विद्यार्थ्याने बनवून दिलेला. वर गेल्यावर त्याला नाव मिळालं व्हीओ-५२.

पुढच्या एखाद्या रात्री साडेदहाच्या सुमाराला गच्चीवर चढा. भारनियमन आहे, सगळी वस्ती गच्चीवरच आहे, त्यामुळे तुम्हाला प्रेक्षकांची कमी नाही. सेट कारच्या बॅटरीवर. अँटेना घरी केलेली: पीव्हीसीच्या पाइपवर सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे क्लॅम्पने आवळलेले, इंचांचे आकडे अजून दिसतायत. शेजारच्या गच्चीवरून हाक येते.

“काय पकडून राहिले जी? ईटीव्ही लागत नाही काय?”

“उपग्रह.”

“बरं बरं,” म्हणून काका सतरंजीवर आडवे होतात. त्यांचा विश्वास बसलेला नाही.

क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटं. दक्षिणेकडून येतो. डाव्या हातात अँटेना, ती आकाशात त्याच्या मागे फिरवायची. उजव्या हाताने डायल, कारण उपग्रह जवळ येताना त्याचा सूर वर असतो आणि डोक्यावरून गेला की खाली घसरतो, जशी रेल्वेच्या शिट्टीची गत. ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं, १४५.९ च्या आसपास ऐकायचं. आधी स्वतःचाच आवाज परत येतो, बदकासारखा. डायल केसभर फिरवा. बदकाचा माणूस होतो. तेवढ्यात दुसरा आवाज, हैदराबादकडचा, मग एक आखाताच्या बाजूचा, घाईघाईने फक्त कॉलसाइन आणि ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे आवाज स्वच्छ येतोय.

वाडीची ही एक मोठी सोय आहे. नागपूर देशाच्या मध्यावर, आणि सव्वासहाशे किलोमीटर उंचीवरचा हा उपग्रह डोक्यावर असला की चहूबाजूंना अडीच हजार किलोमीटरपर्यंतचे लोक त्याला दिसतात. श्रीनगर आत, तिरुवनंतपुरम आत, गुवाहाटी आत, मस्कत आणि रंगूनही आत. काका आता उठून कठड्याला टेकलेत.

“हा माणूस कुठून बोलून राहिला?”

“मस्कतहून.”

“आन बिल?”

“बिल नाही.”

काकांना यात काहीतरी गडबड वाटते, आणि एका अर्थाने ते बरोबर आहेत. बिल होतं, ते इस्रोने भरलं होतं. हे उपकार मोठे. नऊ वर्षं जगातल्या हॅमांनी हा उपग्रह वापरला. पण फुकटच्या सीटची एक सवय लागते. आपण पावतीपुस्तक छापलंच नाही. ११ जुलै २०१४ ला बॅटऱ्या संपल्या, व्हीओ-५२ गेला. भारतात त्याची जागा भरून काढायला पैसे गोळा करायची यंत्रणा नव्हती, मागायला जायची दारं ठरलेली नव्हती. आपण वाट पाहिली. मालकी दुसऱ्याची असली की निर्णयही दुसऱ्याचा, मग तो दुसरा कितीही भला असो.

त्याच २०१४ मध्ये अमेरिकेत उलट टोकाचा प्रकार चालला होता, तोही बघून घ्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या झॅक मँचेस्टर या विद्यार्थ्याने २०११ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून सुमारे पाऊण लाख डॉलर जमवले होते. किकसॅट नावाच्या उपग्रहाच्या पोटात १०४ इवल्या चकत्या, बिस्किटाएवढा एकेक स्वतंत्र उपग्रह, हॅम पट्ट्यावर कुजबुजणारा. वर्गणीदारांना आपापली चकती! एप्रिलमध्ये किकसॅट वर गेला. चकत्या सोडायचं घड्याळ बहुधा किरणोत्साराच्या तडाख्याने शून्यावर गेलं, परत मोजायला लागलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आतच मेच्या मध्यावर सगळा डबा जळून गेला. मँचेस्टर पुन्हा कामाला लागला. मार्च २०१९ मध्ये किकसॅट-२ ने १०५ चकत्या खरंच सोडल्या.

पुढची काही वर्षं भराभर उलटा. २२ जून २०१६: पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’, एक किलोहूनही कमी, पीएसएलव्ही-सी३४ वरच्या वीस उपग्रहांतला एक. स्वतःला वळवायला त्यात मोटर नाही. आत एक लोहचुंबक आहे आणि तो पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून राहतो, होकायंत्रासारखा. काम: हॅम पट्ट्यावरून निरोप घेऊन पोचवणं. त्याच सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’. ३ डिसेंबर २०१८: भारतीय खासगी कंपनीने बनवलेला पहिला उपग्रह, एक्सीडसॅट-१, त्यावर हॅमांसाठी रिपीटर, तो उडतो त्याच व्हॅन्डेनबर्गवरून, जिथून ऑस्कर-१ उडाला होता.

१ जानेवारी २०२४ ला मात्र क्षणभर थांबा. पीएसएलव्ही-सी५८ ने एक्सपोसॅट पोचवला. माल उतरला. आता राहिला रिकामा चौथा टप्पा. पूर्वी हा भंगार म्हणून फिरत राहायचा. इस्रोने त्याला ३५० किलोमीटरवर उतरवलं, वीज आणि दिशा दिली आणि त्यालाच प्रयोगाचं व्यासपीठ केलं, पोएम-३. म्हणजे माल उतरवल्यावर ट्रकच भाड्याच्या खोलीसारखा वापरायचा. रिटर्न भाड्यावर पोट भरणाऱ्या वाडीला यावर भाषण नको. त्यावर मुंबईच्या सायनमधल्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘बिलीफसॅट-०’ होता, हॅमांसाठी. २१ मार्चला पोएम-३ पॅसिफिकवर जळाला. तीन महिनेही नाही.

ही सोय चांगली आहे, आणि तीन महिन्यांची आहे. खोलीत किती दिवस राहायचं ते घरमालक ठरवतो. दीर्घ काळ चालणारा, स्वतःचा उपग्रह हवा तर भाडं आलं. आता रॉकेटवर किलोच्या भावाने जागा विकत मिळते, पण भाव घाऊक. किलो-दोन किलोवाल्याला मधले बुकिंगवाले गाठावे लागतात. शिवाय कंपन परीक्षा, निर्वात कक्षातली परीक्षा, आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेकडून लहरी ठरवून घेणं, दिल्लीची बिनतारी परवानगी, अंतराळातल्या खासगी कामांना परवाने देणाऱ्या इन-स्पेसची मंजुरी. पेटी बनवणं यात सगळ्यात सोपं आहे असं म्हणायचा मोह होतो; तसंही नाही, पण पोरांना तेच आवडतं.

म्हणून तुम्ही शेवटी आजच्या वाडीत, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात, तर्री पोह्याची प्लेट हातात धरून बसलेले आहात. समोर मालक. ते त्यांच्या चौकातल्या गणेश मंडळाचे खजिनदारही आहेत, आणि म्हणूनच तुम्ही आलाय. रॉकेट त्यांना पाच मिनिटांत समजलं. पैशाचं समजायला वेळ लागतोय.

“पैसे देऊन आपल्याले भेटन काय?”

“काही नाही. नियमच आहे. फार तर पेटीवर नाव.”

“आन रॉकेट फुटलं तं?”

तुम्ही १९८० सांगता. ते पोहे खायचे थांबतात.

“मंग त्याहीनं लोकाईले तोंड कसं दाखवलं?”

“हिशोब दाखवला.”

हे त्यांना पटतं. ते ड्रॉवर उघडून मंडळाची फाइल काढतात. लोकांकडून वर्गणी घ्यायची तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज, कलम ४१ क. हे काम त्यांना पाठ आहे, दर वर्षी करतात. अर्जाची जुनी झेरॉक्स काढून ते तुमच्यासमोर सरकवतात आणि उद्देश लिहायच्या ओळीवर बोट ठेवतात.

“इथं उपग्रह लिहू नका. साहेब दहा चकरा मारायले लावन. शैक्षणिक लिहा.”

तुम्ही म्हणता, उपग्रहच लिहायचं; पावतीवरही तेच छापलेलं असणार, लोक त्यासाठीच देणार. ते थोडं विचार करतात, पेनाचं टोपण काढतात आणि विचारतात, मग निदान ‘शैक्षणिक उपग्रह’ चालेल का. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ट्रक आडवा लावला म्हणून आरडाओरडा सुरू होतो आणि मालक अर्ज तसाच टाकून बाहेर धावतात.